जुनं व्हर्जन टाकलं आणि मेलचे पत्ते गायब झाले? थांबा, ते गेलेले नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सॉफ्टवेअर अपडेट करा, अपडेट करा असं सगळीकडून सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे, पण अपडेट केल्यावर जमलं नाही म्हणून माणूस परत जुन्या व्हर्जनवर गेला तर काय होतं हे कुणी सांगत नाही. माझ्या बाबतीत ते झालं. माझे तीन दिवस त्यात गेले, आणि शेवटी जे कळलं ते इतकं साधं होतं की पहिल्या दिवशी कुणी कानावर घातलं असतं तर एवढा त्रास झालाच नसता. म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबलंय, पण कापू नका ही विनंती, कारण यातली अर्धी माहिती वाचून कुणी अर्धंच काहीतरी केलं तर असलेले पत्तेही जातील.

मी घरून पत्रव्यवहाराचं आणि हिशेबाचं काम करते, दिवसभर मेलवरच असते. मेल मी ब्राउझरमध्ये बघत नाही, कॉम्प्युटरवर वेगळा प्रोग्राम टाकलेला आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कुणा एकाचा नाही आणि हा प्रकार बऱ्याच प्रोग्राममध्ये होतो. तर नवीन व्हर्जन आलं, मी टाकलं, आणि सगळं जागचं हललं. बटणं दुसरीकडे गेली, अक्षरं लहान झाली, कॉम्प्युटर जुना असल्यामुळे एक मेल उघडायला वेळ लागायला लागला. दोन महिने कसेबसे काढले आणि मग एका रात्री कंटाळून जुन्या व्हर्जनची फाइल शोधली, नवीन काढलं, जुनं टाकलं. उघडताना एक खिडकी आली, त्यात लिहिलेलं की तुम्ही जुनं व्हर्जन उघडताय, आणि खाली दोनच बटणं, नवीन प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा. प्रोफाइल म्हणजे प्रोग्राम तुमचे मेल, पत्ते, सेटिंग ज्या फोल्डरमध्ये ठेवतो ते, हे मला नंतर कळलं. काम पडलेलं होतं, मी नवीन प्रोफाइल दाबलं. मेलचा आयडी पासवर्ड परत विचारला, तो टाकला, आणि हळूहळू सगळे मेल यायला लागले, जुने, नवे, फोल्डरसकट. मी निश्चिंत झाले. सकाळी नवीन मेल लिहायला घेतला, नावाची दोन अक्षरं टाइप केली आणि खाली काहीच आलं नाही. ॲड्रेस बुक उघडलं तर पांढरं. एकही नाव नाही.

त्या यादीत साधारण सहाशे नावं होती. नुसती कामाची असती तर इतकं वाटलं नसतं, परत विचारून घेता आली असती. पण ती यादी मुळात बाबांनी सुरू केलेली होती, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून माझ्याकडे आलेली, आणि त्यांना सवय होती की प्रत्येक नावाखाली नोट्सच्या रकान्यात काहीतरी लिहून ठेवायचं. एकाच्या खाली होतं, कमी ऐकू येतं, मेलच करावा. एकाच्या खाली, मुलीचं नाव विचारू नये. असं चारपाच शब्दांत. बाबा आता नाहीत. ते शब्द मला दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हते.

आता मुख्य मुद्दा सांगते. सगळ्यांची चूक होते ती इथे, माझीही इथेच झाली. मेल परत आले म्हणजे सगळं परत येईल असं आपण धरून चालतो. तसं नसतं. मेल येतात कारण ते सर्व्हरवर असतात, आयमॅप नावाची जी पद्धत आहे तिच्यात मेलची मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि प्रोग्राम फक्त ती आणून दाखवतो, त्यामुळे दहा वेळा प्रोग्राम बदला, मेल येणारच. पण आयमॅपमध्ये पत्त्यांची सोयच नाही. ती फक्त मेलसाठी आहे. पत्त्यांसाठी वेगळी पद्धत आहे, कार्डडॅव्ह, ती २०११ साली ठरली, आणि ती वेगळी चालू केलेली असेल तरच पत्ते सर्व्हरवर असतात. नाहीतर ते असतात तुमच्या कॉम्प्युटरवर, एका साध्या फाइलमध्ये, एका फोल्डरमध्ये, जे फोल्डर आपण कधी उघडून बघितलेलं नसतं.

आणि ती फाइल कुठेही गेलेली नसते. प्रोग्राम काढून टाकला तरी साधारणपणे ते फोल्डर तसंच राहतं, अनइन्स्टॉल करताना ते पुसायला तुम्ही स्वतः हो म्हणला नसाल तर. म्हणजे यादी कोरी दिसतेय याचा अर्थ पत्ते पुसले गेले असा नाही, जुन्या व्हर्जनला ते दिसत नाहीत एवढाच आहे.

का दिसत नाहीत, ते उदाहरणाने सांगते. थंडरबर्ड हा मेलचा फुकट प्रोग्राम घेऊ, कारण त्याची आतली रचना उघड आहे आणि कुणालाही वाचता येते. थंडरबर्डमध्ये कित्येक वर्षं पत्ते मॉर्क नावाच्या पद्धतीने साठवायचे, फाइलचं नाव एबुक डॉट एमएबी. २०२० साली ७८ नंबरचं व्हर्जन आलं त्यात ते बदललं आणि पत्ते एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये गेले, फाइल झाली एबुक डॉट एसक्यूलाइट. पहिल्यांदा नवीन व्हर्जन उघडलं की ते जुन्या फाइलमधले पत्ते उचलून नव्या फाइलमध्ये टाकतं आणि जुन्या फाइलच्या नावामागे डॉट बीएके लावून ती बाजूला ठेवून देतं. मग २०२२ साली १०२ व्हर्जनमध्ये ॲड्रेस बुक परत नव्याने केलं, प्रत्येक माणसाचं कार्ड आतल्या आत व्हीकार्डच्या रूपात साठवायला लागले, म्हणजे पत्ते एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायची जी ठरलेली पद्धत आहे तिच्यात. नव्या व्हर्जनला जुनी फाइल वाचता येते, कारण ते लिहिणाऱ्यांच्या समोर जुनी फाइल होती. जुन्या व्हर्जनला नवी वाचता येत नाही, कारण ते लिहिलं तेव्हा नवी फाइल जन्मालाच आली नव्हती. यात कुणाचा वाईट हेतू नाही.

तर जुनं व्हर्जन काय करतं, ते फोल्डरमध्ये आपली एमएबी फाइल शोधतं, ती सापडत नाही कारण तिचं नाव आता बीएके झालेलं असतं, मग ते एक नवीन कोरी फाइल बनवतं आणि तीच उघडून दाखवतं. शेजारीच तुमची सगळी नावं असलेल्या दोन फाइल पडून असतात. माझ्याकडेही असाच प्रकार होता, फक्त मी नवीन प्रोफाइल बनवल्यामुळे फाइल दोन फोल्डरमध्ये होत्या, नव्यातली कोरी दोन केबीची आणि जुन्यातली बीएकेवाली चारशेच्या वर. ते आकडे बघितले तेव्हा मला जे वाटलं ते सांगता येणार नाही.

पण तिथपर्यंत पोचायला मला वेळ लागला कारण मी आधी भलतंच शोधत होते. म्हणून कुणावर अशी वेळ आली तर आधी हे बघा की तुमचं नेमकं काय झालंय. जुनं व्हर्जन उघडल्यावर मेलचा आयडी पासवर्ड परत विचारला का? विचारला असेल तर तुम्ही वेगळ्याच, नव्या प्रोफाइलमध्ये आहात आणि तुमचं जुनं प्रोफाइल तसंच्या तसं शेजारच्या फोल्डरमध्ये आहे. थंडरबर्डमध्ये ६८ व्हर्जनपासून, म्हणजे २०१९ पासून असं आहे की कॉम्प्युटरवर वेगळ्या जागी टाकलेला प्रत्येक थंडरबर्ड स्वतःचं वेगळं प्रोफाइल धरतो, आणि नव्या व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल जुन्या व्हर्जनला उघडू देत नाही, तीच ती दोन बटणांची खिडकी. हेल्पच्या मेन्यूत ट्रबलशूटिंगची माहिती असते तिथून प्रोफाइलचं फोल्डर उघडता येतं, आणि त्याच्या वरच्या फोल्डरमध्ये गेलात की दोन तीन प्रोफाइल दिसतील. तारखा बघा. ज्याची तारीख आजची ते आत्ताचं, आणि ज्याची तारीख तुम्ही व्हर्जन बदललं त्या दिवशी थांबलीय ते तुमचं खरं. विंडोजवर हे फोल्डर ॲपडेटामध्ये असतं आणि ॲपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे नुसतं शोधून ते मिळत नाही, व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या गोष्टी दाखवा असं करावं लागतं.

आयडी पासवर्ड विचारला नाही, मेल आणि सगळ्या सेटिंग जागच्या जागी आहेत, फक्त पत्ते कोरे, असं असेल तर प्रोफाइल तेच आहे आणि वर सांगितलेला फाइलचा प्रकार झालाय.

तिसरी एक शक्यता आहे आणि ती बऱ्याच जणांची असते. ॲड्रेस बुक पहिल्यापासूनच रिकामं होतं, तुम्ही कधी नाव सेव्ह केलंच नाही, फक्त दोन अक्षरं टाइप केली की नाव खाली यायचं म्हणून तुम्हाला वाटायचं की कॉन्टॅक्ट सेव्ह आहेत. आउटलुकवाल्यांचं हे फार होतं. ती खाली येणारी नावं म्हणजे कॉन्टॅक्ट नव्हेत, ती प्रोग्रामने स्वतःसाठी ठेवलेली आठवण असते. आउटलुक २००७ पर्यंत ती एनके२ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असायची, २०१० पासून ती तशी राहिली नाही, मेलबॉक्सच्या आत गेली. त्यामुळे २०१० वरून २००७ वर परत गेलात तर २००७ ला ती आठवण मिळतच नाही, त्याला त्याची एनके२ फाइल हवी असते. आणखी मागे गेलात तर पूर्ण डेटाच उघडत नाही, कारण २००३ पासून आउटलुकची पीएसटी फाइल, जिच्यात त्याचा सगळा डेटा असतो, ती युनिकोडची झाली आणि त्याच्या आधीचं आउटलुक ती उघडू शकत नाही. आउटलुकमध्ये अजून एक बारीक गोष्ट, कॉन्टॅक्टच्या फोल्डरमध्ये नावं दिसतात पण मेल लिहिताना 'टू' वर क्लिक केलं तर यादी येत नाही. तेव्हा त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हे फोल्डर ॲड्रेस बुक म्हणून दाखवा अशी एक चौकट असते, तिथली टिक गेलेली असते. ती परत करायची. माझ्या एका मैत्रिणीने एवढ्यासाठी सगळं फॉरमॅट करायचं ठरवलं होतं, मी फोनवरून तिला थांबवलं.

आता उपाय. पहिली गोष्ट, प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि अख्खं प्रोफाइलचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. नुसती पत्त्यांची फाइल नाही, अख्खं फोल्डर. हे मी ओरडून सांगेन. कारण एक तर एसक्यूलाइटमध्ये कधी कधी ताजे बदल मुख्य फाइलमध्ये नसतात, शेजारी त्याच नावाची शेवटी डब्ल्यूएएल लावलेली फाइल असते तिच्यात असतात, ती विसरली तर शेवटची नावं जातात. आणि दुसरं म्हणजे, घाबरलेला माणूस भराभर इकडचं तिकडे करतो. मी पहिल्या दिवशी कॉपी न करताच फाइलींची नावं बदलत होते, नशीब की काही वरती लिहिलं गेलं नाही. कॉपी झाली की मग काय करायचं ते करा, चुकलं तर परत येता येतं.

मग जुन्याच व्हर्जनवर राहायचं असेल आणि फोल्डरमध्ये बीएके फाइल असेल, तर प्रोग्राम बंद ठेवून ती कोरी एमएबी फाइल बाजूला काढायची, बीएके फाइलची एक प्रत करून तिथे ठेवायची (ती जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असेल तर तिथून आत्ताच्या फोल्डरमध्ये आणायची) आणि त्या प्रतीच्या नावातलं शेवटचं डॉट बीएके काढून टाकायचं. उघडलं की पत्ते समोर. माझे असेच आले, बाबांच्या नोट्ससकट. पण लक्षात घ्या, हे पत्ते तुम्ही ज्या दिवशी अपडेट केलं त्या दिवसापर्यंतचेच असतात, कारण ती फाइल त्या दिवशी बाजूला ठेवली गेली. त्यानंतर जे जोडले, बदलले, ते सगळं नव्या फाइलमध्ये आहे. माझे दोन महिन्यांतले चाळीस-एक पत्ते असे राहिले होते.

ते काढायचा सरळ रस्ता एकच, नव्या व्हर्जनमध्येच ते उघडायचे आणि तिथून एक्सपोर्ट करायचे. माझ्याच कॉम्प्युटरवर परत ते जड व्हर्जन टाकायची हिंमत नव्हती, म्हणून भावाच्या लॅपटॉपवर नवीन व्हर्जन टाकलं, त्यात माझ्या फोल्डरची कॉपी उघडली आणि तिथून पत्ते बाहेर काढले. ज्यांना थोडं जमतं त्यांच्यासाठी अजून एक वाट आहे, एसक्यूलाइटची फाइल डीबी ब्राउझरसारख्या फुकट प्रोग्रामनेही उघडता येते, आत कार्ड आणि प्रॉपर्टीज अशी टेबलं असतात, प्रत्येक माणसाचं नाव, मेल, नोट्स वेगवेगळ्या ओळींत. वाचता येतं, पण तिथे काही बदलू नका, फक्त बघा आणि कॉपी करा.

एक्सपोर्ट करताना कोणत्या प्रकारात करायचं यावर माझा अख्खा दुसरा दिवस गेला, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते. मी सीएसव्ही निवडलं कारण ते एक्सेलमध्ये उघडतं आणि डोळ्यांनी बघता येतं. उघडलं आणि पोटात गोळा आला. मराठीत लिहिलेली सगळी नावं गेली, त्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि कसलीतरी चिन्हं, ओळच्या ओळ तशी, बाबांच्या सगळ्या नोट्स तशा. फोन नंबरच्या रकान्यात सुरुवातीचे शून्य गेलेले आणि लांब नंबर दशांशचिन्ह आणि ई घालून छोटे करून टाकलेले. मला वाटलं आता हेही बिघडलं. तसं नव्हतं, फाइल अगदी बरोबर होती, एक्सेल ती चुकीची वाचत होतं. देवनागरी अक्षरं यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत साठवलेली असतात, एकेका अक्षराला तीन तीन बाइट लागतात, आणि एक्सेलला कुणी सांगितलं नाही की ही यूटीएफ-८ आहे तर ते प्रत्येक बाइट सुटा धरून त्याचं वेगळं चिन्ह दाखवतं. डबल क्लिक करून उघडायच्या ऐवजी एक्सेलच्या डेटा मेन्यूतून टेक्स्ट फाइल म्हणून आत घ्यायची, तिथे यूटीएफ-८ निवडायचं आणि फोनचा रकाना टेक्स्ट म्हणून सांगायचा. मग सगळं नीट दिसतं. पण सगळ्यात महत्त्वाचं, बिघडलेलं दिसत असताना सेव्ह दाबू नका. दिसतंय तोपर्यंत ते फक्त दिसणं आहे, सेव्ह केलं की ते फाइलमध्ये खरोखर तसं होऊ शकतं. एक्सेल बंद करताना सेव्ह करू का विचारतं आणि हात सवयीने हो कडे जातो.

मेलच्या यादीसाठी मला आता दोनच प्रकार भरवशाचे वाटतात. एक एलडीआयएफ, थंडरबर्डमधून थंडरबर्डमध्ये न्यायचं असेल तर हाच, कारण त्यात तुम्ही केलेले ग्रुपही येतात, सीएसव्हीत ते हरवतात. यात मराठी नावं उघडून बघितली तर वाचता येत नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरांची लांब साखळी दिसते, पण घाबरू नका, त्याला बेस-६४ म्हणतात आणि परत आत घेताना ती नीट मराठी होते. दुसरा व्हीकार्ड, दुसऱ्या प्रोग्राममध्ये किंवा फोनवर न्यायचं असेल तर. व्हीकार्डची तीन व्हर्जन फिरतात, २.१ हे १९९६ चं, ३.० हे १९९८ चं आणि ४.० हे २०११ चं. निवडायला मिळालं तर ३.० घ्या, जुन्या नव्या बहुतेक प्रोग्रामना ते समजतं. २.१ मध्ये मराठी नावं बरोबरच्या चिन्हांच्या आणि ई शून्य, ए चार अशा जोड्यांच्या रूपात जातात, काही प्रोग्राम ते परत मराठी करतात, काही तसंच नाव म्हणून दाखवतात. ४.० जुन्या प्रोग्रामना कळेलच असं नाही, आणि आपण तर जुन्याकडेच चाललोय.

इम्पोर्ट एकदाच करा. झालं की नाही कळत नाही म्हणून मी दोनदा केलं आणि चाळीसचे ऐंशी झाले. हवं तर आधी एक नवीन रिकामं ॲड्रेस बुक बनवून त्यात इम्पोर्ट करायचं, बघायचं, बरोबर असेल तर मुख्य यादीत ओढायचं.

एक वाट मी स्वतः चालून बघितली आणि ती कुणाला सुचवणार नाही. जुन्या व्हर्जनला जबरदस्तीने नवं प्रोफाइल उघडायला लावायचं, थंडरबर्डमध्ये सुरू करताना अलाउ-डाउनग्रेड असा पर्याय देऊन ते होतं. उघडतं, पण पत्ते कोरेच राहतात कारण फाइलचा प्रश्न सुटलेला नसतो, आणि बाकीच्या फाइलीही नव्या पद्धतीच्या असल्यामुळे काहीतरी बिघडायची भीती राहते. करायचंच असेल तर फक्त कॉपीवर करा.

ज्यांचे पत्ते कार्डडॅव्हने सर्व्हरवर आहेत त्यांना हा सगळा खटाटोप नाही, परत जोडलं की पत्ते आले. फक्त हे बघा की जुन्या व्हर्जनला कार्डडॅव्ह कळतं का, थंडरबर्डमध्ये ते २०२१ च्या ९१ व्हर्जनपासून आतच आहे, त्याच्या मागे गेलात तर वेगळं ॲड-ऑन लागतं. आणि गूगलमध्ये किंवा आयक्लाउडमध्ये कॉन्टॅक्ट असतील, आणि या गडबडीत कोऱ्या यादीने सर्व्हरवरची यादीही पुसली असेल, तरी ३० दिवस हातात असतात. गूगल कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये बदल मागे घ्या असं असतं, आयक्लाउडच्या वेबसाइटवर कॉन्टॅक्ट परत आणायची सोय असते. ३० दिवस म्हणजे बघू नंतर म्हणण्याइतके जास्त नाहीत. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी बसा.

आणि काहीच हाताला लागलं नाही, फोल्डरही कुणी पुसलं, तरी पाठवलेल्या मेलचं फोल्डर आहे. तिथे तुम्ही ज्यांना ज्यांना लिहिलंत त्या प्रत्येकाचा पत्ता आहे. थंडरबर्डमध्ये मेल उघडला की पत्त्याशेजारी एक छोटं चिन्ह असतं, जुन्या व्हर्जनमध्ये चांदणी, ते दाबलं की तो पत्ता सेव्ह होतो. वेळखाऊ आहे, पण रोज थोडं केलं तर महिन्याभरात कामाचे सगळे पत्ते परत येतात. नोट्स मात्र येत नाहीत.

जुन्या व्हर्जनवर कायम राहा असं मी म्हणत नाही, हे स्पष्ट लिहिते. जुन्या व्हर्जनला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि मेल हीच अशी जागा आहे जिथे अनोळखी माणूस रोज काहीतरी पाठवत असतो. मीसुद्धा कॉम्प्युटरमध्ये मेमरी वाढवून घेतली आणि आता नव्यावर परत आलेय. पण माणसं मागे जातात, कारणं खरी असतात, आणि त्यांना मूर्ख ठरवून प्रश्न सुटत नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. ती जी दोन बटणांची खिडकी येते तिच्यात अजून एक वाक्य घाला, की नवीन प्रोफाइलमध्ये तुमचे पत्ते दिसणार नाहीत, ते या या फोल्डरमध्ये सुरक्षित आहेत. आणि हे वाक्य आमच्या भाषेतही असू द्या. रात्री अकरा वाजता काम पडलेलं असताना प्रोफाइल या शब्दाचा अर्थ कुणाला लागणार? आणि अपडेट करताना पत्त्यांची फाइल बदलणार असाल तर बदलण्याआधी तिची एक एलडीआयएफ किंवा व्हीकार्डची प्रत आपोआप काढून माणसाच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, जिथे ती त्याला दिसेल. बीएके फाइल ठेवता हे चांगलंच आहे, माझं सगळं तिनेच वाचवलं, पण ती लपलेल्या फोल्डरच्या आत ठेवून काय उपयोग, ती आहे हेच कुणाला माहीत नसतं.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक विनंती. फोनमधले फोटो कसे जपायचे, पासवर्ड कसे ठेवायचे, हे आपल्या पेपरात येत असतं, तसं कधीतरी पत्त्यांची यादी कशी बाहेर काढून ठेवायची हेही चित्रांसकट छापा. पाच मिनिटांचं काम आहे. पत्त्यांची यादी फोटोंइतकी कुणाला आठवत नाही, ती रोज समोर असते म्हणून.

माझी यादी आता तीन ठिकाणी आहे. काल रात्री बाबांच्या सगळ्या नोट्स मी वहीत उतरवून काढल्या, एकशे बारा निघाल्या, त्यातल्या एकीत नुसतं लिहिलंय, यांना उत्तर द्यायचं राहिलं. त्या गृहस्थांचा पत्ता अजून चालू आहे का ते बघायला आज सकाळी त्यांना मेल केलाय.

आपली,
एक नियमित वाचक